मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? शोरूमला जाण्याआधी बागेत टेप लावा

ऑक्टोबरमध्ये नाशिक-सांगली पट्ट्यात द्राक्षाची गोडी छाटणी होते. बाग पोंगा ते फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला, तर डाऊनीची भीती. पाऊस उघडला की लगेच फवारणी करावी लागते, कारण दोन दिवसांचा उशीरही हंगामाला भारी पडू शकतो. त्याच सकाळी ट्रॅक्टर बंद पडला आणि स्पेअर पार्ट यायला चार दिवस लागणार असले, तर खरेदीच्या वेळी वाचवलेले वीस-तीस हजार काय कामाचे?

म्हणूनच 'कोणत्या कंपनीचा मिनी ट्रॅक्टर चांगला?' हा प्रश्न जरा नंतर विचारायचा. आधी हे पाहू की तो ट्रॅक्टर नेमकं काय करणार आहे.

बागेत बसेल का?

द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण ८ ते १० फूट अंतर असतं आणि बहुतेक मिनी ट्रॅक्टर तीन ते पावणेचार फूट रुंद असतात. कागदावर जागा भरपूर दिसते. पण वाय पद्धतीच्या बागेत फुटी आणि घड दोन्ही बाजूंनी आत येतात, मांडवात तर वरूनही खाली येतात. त्यामुळे रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. सायलेन्सर वर आहे की खाली, स्टेअरिंग किती उंच आहे आणि ओळीच्या टोकाला, बांधापाशी, ट्रॅक्टर एका दमात वळतो का, हे बघा. उसाची भरणी किंवा भाजीपाल्यातली कोळपणी असेल, तर मापं पुन्हा बदलतात.

एचपीचा आकडा फसवतो

बोनेटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते. ब्लोअर किंवा रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, आणि तिथे पोहोचणारी ताकद नेहमीच कमी असते. त्यामुळे विक्रेत्याला 'पीटीओ एचपी किती?' असंच विचारा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता दिलेली असते. डीलरकडे तुमच्या मॉडेलचा अहवाल मागा. माहितीपत्रकापेक्षा तो कितीतरी कामाचा.

आता कंपन्यांकडे वळू. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे १५ एचपीचे, एका सिलिंडरचे ट्रॅक्टर. धक्के जास्त बसतात, पण रचना साधी, गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. आंतरमशागत आणि हलक्या ट्रॉलीला पुरतात. ६०० लिटरचा ब्लोअर ओढायचा असेल, तर साधारण २४ एचपीच्या वर्गात यावं लागतं. तिथे कुबोटा निओस्टार बी२४४१, महिंद्रा जिवो २४५ आणि २०२३ मध्ये आलेली महिंद्रा ओजा मालिका आहे. तिन्हींना फोर व्हील ड्राइव्ह मिळतो. काळ्या जमिनीत, पावसानंतर, टू व्हील ड्राइव्हची चाकं जागेवरच फिरू लागली की त्या जास्तीच्या पैशांचा अर्थ कळतो. मधल्या गटात व्हीएसटीचा एमटी १८०डी आहे, तीन सिलिंडरचा.

यातला एकही वाईट नाही. माझ्या मते निवड ठरते ती तालुक्याच्या गावात. सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे? क्लच प्लेट, फिल्टर, वॉटर पंप काउंटरवर मिळतो की मागवावा लागतो? हे विक्रेत्याला विचारू नका, तो 'सगळं मिळतं' असंच म्हणणार. तोच ट्रॅक्टर तीन-चार वर्षं वापरणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. शेजारच्या चार बागांत ज्या कंपनीचा ट्रॅक्टर आहे, तिचा मेकॅनिक त्या भागात येतच असतो, आणि पुढे विकतानाही गिऱ्हाईक सापडतं.

पैशांचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ५ लाख असेल, तर थेट ३५ हजारांचा फरक. ट्रॅक्टरचे टायर आणि पार्टही १८ वरून ५ टक्क्यांवर आले. कोटेशन जुनं असेल तर नवं घ्या.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. पण पूर्वसंमती येण्याआधी ट्रॅक्टर घेतला, तर अनुदान मिळत नाही. अनेकांचा घोळ इथेच होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची ९० टक्के अनुदानाची वेगळी योजना आहे. मात्र ती योजना ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरसाठी आखलेली आहे. त्यात मोठा ब्लोअर बसवण्याचा विचार असेल, तर तो आधीच सोडून द्या.

आणि डेमो मागताना शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर मागू नका. तुमच्याच बागेत, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, भरलेला ब्लोअर जोडून मागा.