चांद्रफितींचा पुनरुद्धार

चुंबकीय फीत कपाटात जपून ठेवली म्हणजे तीवरील मजकूरही जपला गेला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती किती अपुरी आहे हे अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांच्या दप्तरावरून ध्यानात येते. १९६६ व १९६७ साली चंद्राभोवती फिरलेल्या या पाच यानांनी फिल्मवर छायाचित्रे घेतली, ती यानातच धुतली आणि प्रकाशकिरणाने ओळीओळीने वाचून त्यांचे संकेत पृथ्वीकडे धाडले. येथे ते दोन इंच रुंदीच्या फितींवर मुद्रित झाले. त्या काळी प्रसिद्ध झालेली चित्रे मात्र पुन्हा फिल्मवर उतरवलेल्या प्रतींवरून घेतलेली असल्यामुळे छायाप्रकाशाच्या पुष्कळ सूक्ष्म छटा फितींतच अडकून राहिल्या.

या फिती वाचणारी अँपेक्स एफआर-९०० जातीची अवजड यंत्रे मोडीत निघाली, तेव्हा नॅन्सी इव्हान्स यांनी त्यांतील काही आपल्या घरी ठेवून घेतली. असा एखादा हट्टी माणूस नसता तर फिती शाबूत असूनही मुक्याच राहिल्या असत्या. पुढे डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनी ती यंत्रे नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातील एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्स उपाहारगृहात (जागेची निवड मोठी गमतीची खरी!) मांडली. खरे कष्ट तेथून पुढचे: झिजलेली वाचनशीर्षे नव्याने दुरुस्त करवून घेणे, एका यंत्राचे भाग काढून दुसरे चालते करणे आणि फितीवरील संकेत उलगडून आधुनिक संगणकासाठी अंकरूप करणे. नोव्हेंबर २००८मध्ये, पहिल्या यानाने २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले चंद्रक्षितिजावरील पृथ्वीचे चित्र, पूर्वीच्या प्रतींहून अधिक स्पष्ट रूपात, प्रसिद्ध झाले.