हिरडीखालची झीज

आपण म्हणतो, 'दात पडला.' पण पडलेला दात हातात घेऊन पाहिला तर पुष्कळदा तो अगदी शाबूत असतो. कीड नाही, खड्डा नाही, कुठे टवका उडालेला नाही. मग तो पडला कसा? त्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारं हाड गेलं म्हणून. कुंपणाचा खांब कितीही मजबूत असला, तरी बुंध्याची माती दर पावसाळ्यात वाहून जात असेल तर तो किती दिवस उभा राहणार?

या हाडाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. मी डॉक्टर नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण गेली दोन वर्षं एका दंतमहाविद्यालयाच्या हिरड्यांच्या विभागात रुग्ण म्हणून येरझाऱ्या घालतो आहे. तिथं जे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगावंसं वाटतं. कारण हा आजार सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण जात नाही, आणि जातो तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा असं करा, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला फिरवा. खरखरीत लागलं तर ते कीटण. लाळेच्या ग्रंथी तिथंच उघडतात, म्हणून कीटण तिथं लवकर साचतं. दातांवर रोज जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर बसत असतो. तो ब्रशनं निघाला तर निघाला. राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरून तो दगडासारखा होतो, आणि मग कितीही घासा, निघत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये शर्टाच्या कॉलरसारखी एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल. थर तिथं साचला की हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागताच रक्त येतं.

इथवर सगळं परतीच्या वाटेवरचं आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. रक्त आलं की माणूस घाबरून त्या जागी ब्रश लावायचाच बंद करतो.

सूज वर्षानुवर्षं राहिली तर मात्र फट खोल होत जाते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. आणि खालचं हाड विरघळू लागतं. मला वाटायचं, जिवाणू हाड खात असतील. तसं नाही. हाड विरघळवणाऱ्या पेशी आपल्याच शरीराच्या असतात. एरवी हाड मोडणं आणि हाड बांधणं यांचा तोल सांभाळलेला असतो; सततच्या सुजेनं तो बिघडतो. शत्रू तटापर्यंत आला म्हणून गढीवाल्यानं स्वतःच तट पाडत मागे सरकावं, तसा हा प्रकार.

सगळ्यांचंच हाड सारख्या वेगानं जातं का? याचं उत्तर शोधायला हेच लो श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर गेले. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्यांनी ४८० मजुरांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासली. या माणसांना ब्रशची सवय नव्हती आणि दातांचा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. सगळ्यांच्याच दातांवर थर आणि कीटण, सगळ्यांच्याच हिरड्या सुजलेल्या. तरीही ८ टक्के मजुरांचं हाड झपाट्यानं गेलं. पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्या तोंडात दातच उरले नाहीत. ८१ टक्क्यांचं मध्यम गतीनं गेलं. आणि ११ टक्के असे निघाले, की हिरडीच्या सुजेपलीकडे आजार सरकलाच नाही. 'आमचे आजोबा कधी दात घासायचे नाहीत, नव्वदीत ऊस सोलून खायचे' असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. तो खोटं बोलत नाही. त्याचे आजोबा त्या ११ टक्क्यांतले. पण आपण कुठल्या गटातले हे आरशात पाहून कळत नाही, ते मोजावं लागतं.

मोजायचं साधन अगदी साधं आहे. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. ती हिरडीच्या फटीत हलकेच घालतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. अठ्ठावीस दात धरले तर १६८ आकडे झाले! डॉक्टर आकडे म्हणत होत्या आणि एक विद्यार्थिनी लिहून घेत होती. 'दोन, तीन, दोन... तीन, दोन, तीन...' मला तर कुणी मात्रा मोजतंय असंच वाटलं. पुढच्या दातांपर्यंत वृत्त ठीक चाललं होतं. दाढा आल्या आणि 'पाच, सहा, पाच, सात' असे आकडे ऐकू आले. वृत्त मोडलं! शिवाय हिरडी किती खाली सरकली, कुठे रक्त आलं, हत्यारांच्या दोन दांड्यांमध्ये धरल्यावर दात किती हलतो, दाढेची मुळं जिथं दुभंगतात तिथपर्यंत वाकडी सळई शिरते का, हेही पाहतात. नुसता आरसा घालून 'सगळं ठीक आहे' म्हणणं ही हिरड्यांची तपासणी नव्हे.

मग एक्स-रे. दाताचा माथा जिथं मुळाला मिळतो, त्याच्या खाली १-२ मिलिमीटरवर हाडाची कड दिसली तर उत्तम. माझ्या फोटोत ती पुष्कळ ठिकाणी सरळ रेषेत खाली उतरली होती, आणि एका दाढेशी खाच पडल्यासारखी तिरकी गेली होती. ही खाच पुढे महत्त्वाची ठरते. एक्स-रे म्हणजे सपाट सावली. सुरुवातीची झीज तिच्यात उमटत नाही. म्हणून सळई आणि फोटो, दोन्ही लागतात.

२०१७ साली शिकागोत जगभरच्या तज्ज्ञांनी बसून या आजाराची नवी वर्गवारी ठरवली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक हिशेब मला फार आवडला. सगळ्यात जास्त झीज झालेल्या जागी मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेलं ते पाहायचं आणि त्याला वयानं भागायचं. माझं ४० टक्के, वय ५४, उत्तर ०.७४. पाव अंशाखाली असेल तर आजार संथ, एकाच्या वर गेला तर वेगवान, मधला तो मध्यम. तेच ४० टक्के तिशीतल्या तरुणाचं गेलं असेल तर उत्तर १.३३ येतं, आणि त्याच्याबाबतीत दिवस दवडून चालत नाही. रोज दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणारा, किंवा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७ किंवा वर असलेला मधुमेही, हिशेब काहीही येवो, वेगवान गटातच धरला जातो. मला दाढेसाठी गेलो असताना रक्त तपासायला पाठवलं, ते याच कारणानं. आकडा ७.६ निघाला. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांवर उपचार केले तर हा आकडा काही महिन्यांत सुमारे ०.४ नं उतरतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं आहे.

उपचाराची सुरुवात हत्यारानं होत नाही, रुग्णाच्या हातापासून होते. एका रंगाच्या गोळीनं दातांवर कुठं थर राहिला ते दाखवलं गेलं आणि दातांच्या फटीत फिरवायचा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश हाती आला. आमच्या घरात पीलूची मिसवाक पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, शेजारी बाभळीचं-कडुनिंबाचं दातण. दोन्ही दाताची दर्शनी बाजू छान घासतात. पण दाढांच्या मधल्या फटीत कुठलीच काडी पोचत नाही, आणि हाड जायला बहुधा तिथूनच सुरुवात होते.

नंतर सफाई. आधी हिरडीच्या वरची, मग बधिर करून हिरडीच्या आतली, मुळावरचं कीटण काढून. 'सफाई केली की दात हलायला लागतात' हा समज मी विभागाच्या बाकावर बसून किमान वीस जणांकडून ऐकला. कीटणानं आणि सुजेनं जागा भरून काढलेली असते. ती गेली की फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबतं. हाड आधीच गेलेलं असतं. सफाईनं ते फक्त उघडं पडतं. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण मुळाला चिकटलेल्या थरापर्यंत औषध नीट पोचत नाही. आणि हिरडीला चोळायचं कुठलंही मंजन गेलेलं हाड आणत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा सगळे आकडे. बहुतेक पाचांचे तीन झाले, साताचे सहा झाले. खाचेची ती दाढ अडून बसली. तिथं हिरडी उघडून, डोळ्यांनी पाहत सफाई केली, खाचेत हाडाची भुकटी भरली, टाके घातले. अरुंद, खोल खाचेत असं थोडंफार हाड परत येऊ शकतं. सरळ रेषेत उतरलेलं हाड मात्र बहुधा येत नाही; ते तिथंच थोपवायचं, एवढंच हातात असतं. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आता दर तीन महिन्यांनी जावं लागतं. त्यात खंड पडला की आजार परत येतो.

या झिजेचा कल घराण्यातही असू शकतो, म्हणून माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, घेऊन गेलो. ती लग्नापासून मिश्री लावते. तंबाखूनं हिरडी मुळापासून सरकते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं, त्यामुळे त्यांना आपण ठणठणीत आहोत असंच वाटत राहतं. खुर्चीवर बसताना आपा म्हणाली, "अरे, दुखत तर काही नाही!" आकडे सांगायला सुरुवात झाली. पहिल्याच दाढेला सहा.

परवा तिच्या सफाईची दुसरी फेरी झाली. मिश्रीची डबी तिनं अजून फेकलेली नाही. सध्या ती सूनबाईच्या कपाटात, कुलपात आहे.