नाशिकची नाणी आणि वाळवंटातले बंदर

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वाळवंटाच्या कडेला असलेल्या बेरेनिके या प्राचीन बंदरात २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली, आणि त्याच स्थळी सातवाहनांची दुसऱ्या शतकातील दोन नाणीही मिळाल्याचे पुढील वर्षी जाहीर झाले. ही मूर्ती आणि नाणी ज्या सागरी व्यापाराच्या खुणा आहेत, त्याची इकडची बाजू समजून घेण्यासाठी दिंडोरीकराला मात्र समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. नाशिकची पांडवलेणी आणि त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथील, १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय एवढा प्रवास त्याला पुरतो. नाण्याचा धातू, वजन, चित्रे आणि त्यावरील लेख यांच्या आधारे इतिहासाचा शोध घेणाऱ्या विद्येला नाणकशास्त्र म्हणतात.

आधी लेणी पाहावीत आणि मग नाणी, हा क्रम अधिक फलदायी ठरतो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख असून, भरुकच्छ (आजचे भडोच), शूर्पारक (सोपारा) आणि गोवर्धन येथे त्याने बांधलेल्या धर्मशाळा, तसेच पारदा, दमण, तापी आदी नद्यांवर प्रवाशांसाठी ठेवलेल्या विनामूल्य नावा यांची त्यांत नोंद आहे. यांतील दमण म्हणजे दिंडोरी तालुक्यातच उगम पावणारी दमणगंगा, त्यामुळे दिंडोरीच्या वाचकाला हा लेख परका वाटू नये. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळातील नाणी, कायम ठेव म्हणून ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवण्याची व्यवस्थाही तेथे नोंदलेली आहे. पतपेढीचा हा फार जुना पुरावा आहे.

हे कार्षापण ज्या काळात हातोहात फिरत होते, त्या काळातील नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा चेहरा व भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आढळतात. ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचला रोमन नाण्यांची देवघेव फायद्याने होत असल्याचा उल्लेख आहे, आणि कल्याणला येऊ पाहणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात क्षत्रपांच्या भडोचला नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. बंदरांसाठी चाललेला हा क्षत्रप-सातवाहन झगडा नाण्यांवर अक्षरशः कोरला गेला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे मिळालेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर विजयी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला होता, आणि पराभूताचा चेहरा त्या ठशाखालून काही नाण्यांवर अजूनही डोकावतो.

संग्रहालयात क्षत्रप आणि सातवाहन काळाच्या भागापाशी अधिक वेळ द्यावा, आणि घरून निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची खात्री करून घ्यावी.