क्यूओएस चालू केलं म्हणून वाय-फाय पळत नाही

व्हिडिओ कॉल अडखळला की अनेकजण वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि 'क्यूओएस' चालू करतात. नेट आता पळेल, अशी अपेक्षा असते. पण या सोयीने वेगात काडीचीही भर पडत नाही. पाळी कोणाची आधी, एवढंच ती ठरवते. एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. २००५ च्या ८०२.११ई मानकाने या थांबण्याच्या चार श्रेणी केल्या: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि मागे राहिली तरी चालेल अशी वाहतूक. आपल्या सेटिंगमधलं 'डब्ल्यूएमएम' त्यावरच आधारलेलं आहे. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल मोकळा झाला, की फोनवरून निघणारं आवाजाचं पॅकेट किमान ३४ मायक्रोसेकंद थांबतं, शेवटच्या श्रेणीतलं ७९. त्यावर प्रत्येकजण एक आकडा मनाने उचलून तेवढे टप्पे आणखी थांबतो: आवाजवाला ० ते ३ मधला, शेवटचा ० ते १५ मधला. प्राधान्य मुख्यतः एवढ्यातच आहे.

मग सगळ्यांनाच 'आवाज' श्रेणीत टाकलं तर? मोह स्वाभाविक आहे, पण उचलायला आकडेच चार. दहा उपकरणं त्या चारांतून आकडा उचलू लागली, की दोघांचा आकडा वारंवार एकच येणार, पॅकेटं आदळणार आणि पुन्हा पाठवावी लागणार. ही श्रेणी कॉलला मानवते, कारण कॉलची पॅकेटं लहान असतात आणि ठरावीक अंतराने येतात. मोठं डाउनलोड तिच्यात घुसवलं तर कॉलचंच नुकसान होतं. उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे: डब्ल्यूएमएम बंद केलं की भार हलका होतो. प्राधान्याने वेग वाढत नसला, तरी ८०२.११एन आणि त्यापुढच्या मानकांचा वेग डब्ल्यूएमएम चालू असण्यावर अवलंबून आहे. ते बंद केलं की बरीच उपकरणं थेट ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरतात.

चालू ठेवूनही कॉल तुटतो, मग उपयोग काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. एक कारण खुणेत दडलेलं असतं. कॉलच्या पॅकेटवर बहुधा ४६ हा डीएससीपी आकडा, म्हणजे प्राधान्याची खूण, असतो. दोनच्या पद्धतीत तो १०१११०. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट त्यातले पहिले तीनच अंक वाचतात, १०१ म्हणजे ५, आणि पाचवा क्रमांक व्हिडिओच्या श्रेणीत मोडतो. आवाजाला ६ हवा, हे २०१८ च्या आरएफसी ८३२५ ने स्पष्ट सांगितलं. तुमच्या यंत्रात ही जुळणी बदलता येत असेल तर ती आधी बदला. शिवाय अ‍ॅक्सेस पॉइंटचा हुकूम मुख्यतः त्याच्याकडून खाली जाणाऱ्या पॅकेटांवर चालतो. वर जाणाऱ्या पॅकेटाची श्रेणी फोन किंवा लॅपटॉपच ठरवतो. आणि शेजाऱ्याचं वाय-फाय त्याच चॅनेलवर असेल, तर ते तुमचा क्रम मानत नाही.

पण आणखी एक मोठं कारण वेगळं आहे: अनेक घरांत खोळंबा हवेत नसतोच, तो इंटरनेटच्या लाइनवर असतो. कोणी फोटोंचा बॅकअप सुरू केला, की अपलोड तुंबतं, कॉलची पॅकेटं मोडेम-राउटरच्या रांगेत अडकतात आणि हवेतलं प्राधान्य तिथे पोहोचतच नाही. तिथे उपाय राउटरवरच करावा लागतो: एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग सांभाळणारी पद्धत निवडून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली, सुमारे ९० टक्क्यांवर ठेवायची. थोडा वेग जातो हे खरं, पण कॉल टिकतो.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एक तपासणी करा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. केबलवरही तो चढत असेल, तर अ‍ॅक्सेस पॉइंटला हात लावू नका. काम राउटरवर आहे.