करारात नसलेला तिसरा

आमच्याकडे एक खाकी फाइल आहे. मावशी गेल्यावर काकांनी ती सुरू केली आणि २००३ साली दोरी बांधून फडताळात टाकली. गेल्या वर्षी काका गेले, तेव्हा मावसभावाने ती माझ्या हातात दिली. म्हणाला, "दादा, तू वाचणारा माणूस. आपल्याला पैसे का मिळाले नाहीत, ते मला एकदा नीट समजावून सांग."

मी वकील नाही. सांगलीत छापखाना चालवतो. विमा एजंटांची पावतीपुस्तके, व्हिजिटिंग कार्डे मी वर्षानुवर्षे छापली. पण त्या धंद्याच्या पोटात काय आहे, हे बघायची वेळ या फाइलीमुळे आली. वर्षभर कायद्याची पुस्तके आणि निकालांचे खंड चाळले. मावसभावाच्या प्रश्नाचे उत्तर देता देता जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

घटना साधी आहे. १९९३ च्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाचे वऱ्हाड टेम्पोतून निघाले. विटा-मायणी रस्त्यावर एका मोरीजवळ टेम्पो कलंडला. मावशी अडतीस वर्षांची होती. मागे काका आणि तीन मुले. टेम्पोचा विमा होता, हप्ता भरलेला होता, मुदत संपलेली नव्हती. तरी विमा कंपनीकडून एक रुपया आला नाही.

हे कसे झाले ते कळायला आधी एक शब्द सोडवावा लागतो. रस्त्यावर आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो, कागदोपत्री मराठीत त्याला 'त्रयस्थ पक्ष' म्हणतात. आपल्या भाषेत त्रयस्थ म्हणजे ज्याचा भांडणाशी संबंध नाही असा, दुरून पाहणारा. या विम्यातला त्रयस्थ मात्र दुरून पाहत नसतो. गाडी त्याच्याच अंगावरून गेलेली असते. त्रयस्थ असतो तो फक्त कराराला. विमा कंपनी पहिला पक्ष, गाडीमालक दुसरा. या दोघांनी कागदावर सह्या केल्या, तेव्हा तिसरा कोण असेल हे दोघांनाही ठाऊक नव्हते. तो कदाचित अजून जन्मालाही आलेला नसेल.

आता कराराचा जुना नियम असा, की जो करारात नाही त्याला करारावरून दावा लावता येत नाही. मोटारी वाढू लागल्या तसा हा नियम अंगाशी आला. गाडीमालकाने विमा काढलाच नसेल आणि त्याच्यापाशी दुसरे काही नसेल, तर जखमीच्या हाती न्यायालयाचा हुकूमनामा आणि रिकामी झोळी. मालकाने विमा काढला असेल पण त्याचे दिवाळे वाजले, तर विम्याचे पैसे सावकारांच्या वाटणीत जायचे. ब्रिटनने १९३० साली दोन कायदे करून ही दोन्ही भोके बुजवली: एकाने विमा सक्तीचा केला, दुसऱ्याने तिसऱ्या माणसाला थेट विमा कंपनीच्या दारात उभे राहण्याचा हक्क दिला.

आपल्याकडचा मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातले आठवे प्रकरण सक्तीच्या विम्याचे. पण हे प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १९४६ च्या जुलैत. मधली सात वर्षे गाड्या धावत होत्या आणि सक्ती कागदावर होती. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली, जेणेकरून जखमीला दिवाणी न्यायालयाचे स्टँप आणि तारखा यांत अडकायला लागू नये. तारखांपासून सुटका झाली असे मात्र आमची फाइल म्हणत नाही. आज लागू आहे तो १९८८ चा कायदा, १९८९ च्या जुलैपासूनचा. जुन्या कायद्यात मालवाहू गाडीसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला कमाल रक्कम होती; नव्या कायद्याने मृत्यू आणि जखमांच्या बाबतीत ती मर्यादा काढून टाकली.

या विम्याचे वेगळेपण एका बाबतीत दिसते. एरवी विमेदाराने अट मोडली की कंपनी हात वर करते. इथे तसे करता येत नाही. कायदा अशा बचावांची मोजकीच यादी देतो, आणि त्यांतलाही बचाव सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हते, असे निघाले तरी बहुतेक वेळा न्यायालय म्हणते: आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. २००४ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र विस्ताराने मांडले. म्हणजे हप्ता मालक भरतो, पण विमा त्याचा नसतो. आपल्याकडे या कागदाला 'पोलिसासाठीचा इन्शुरन्स' म्हणतात. पीयूसीच्या टपरीवर तो पाच मिनिटांत निघतो आणि डिकीत पडून राहतो. २०२२ च्या जूनपासूनच्या दराने ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला वर्षाचे ७१४ रुपये, म्हणजे दिवसाला दोन रुपयांच्या आत. त्यावर कराची भर पडते ती वेगळी. हा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. तरीही देशातली निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, हे सरकारी आकड्यांतूनच पुढे आले आहे. पकडले तर पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण तिसरा म्हणजे नक्की कोण? रस्त्यावरून चालणारा तिसरा, यात वाद नाही. समोरच्या गाडीतला तिसरा. गाडीचा मालक स्वतः मात्र तिसरा नाही, तो करारातला दुसरा. स्वतःच्याच चुकीने तो खांबावर आदळला तर हा विमा त्याला काही देत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळे वैयक्तिक अपघात संरक्षण ठेवले आहे, २०१८ पासून १५ लाखांचे. आणि मोटारसायकलवर मागे बसलेला? बहुतेकांना वाटते, तो तर नक्कीच तिसरा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले, की कायद्यापुरती घेतलेली पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जोखीम तिच्यात येत नाही. ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्यात तो येतो. हे मी ओळखीच्या दहा-बारा मोटारसायकलवाल्यांना विचारून पाहिले. एकालाही माहीत नव्हते. मलाही वर्षभरापूर्वी कुठे माहीत होते!

आता वऱ्हाडाचा टेम्पो. कागदावर तो मालवाहू. मालवाहू गाडीत माणसे बसली तर ती तिसरी व्यक्ती की नाही, या प्रश्नावर खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे मत तीन वर्षांत उलटले, आणि मावशीची केस नेमकी त्या उलथापालथीत सापडली. १९९७ साली न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण फक्त टेम्पोमालकाविरुद्ध. कंपनीला मोकळे सोडले. काकांनी वरच्या न्यायालयात अपील केले. २ डिसेंबर १९९९ ला दिल्लीहून निकाल आला, की १९८८ च्या कायद्यातल्या 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत मालवाहू गाडीतले प्रवासीही येतात. फाइलीत या निकालाची झेरॉक्स आहे. काकांनी त्यावर लाल शाईने रेघा मारल्या आहेत, आणि समासात वकिलांच्या फीचा हिशोब आहे.

३ डिसेंबर २००२ ला मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी संरक्षणात घेतला होता. न्यायालय म्हणाले, इतर प्रवासी आधीपासूनच संरक्षणात असते तर ही दुरुस्ती करायची गरजच काय होती? तर्क म्हणून यात खोट काढणे अवघड आहे, मी प्रयत्न करून पाहिला. मालवाहू गाडीला माणसे वाहण्याचा परवानाच नाही, तिचा हप्ता त्या जोखमीचा नाही. पण दुष्काळी भागातल्या ज्या वाडीवर दिवसातून एकदा एसटी येते, तिथल्या वऱ्हाडाने कशातून जायचे, याचे उत्तर हप्त्याच्या हिशोबात नसते. पिंपांबरोबर टेम्पोत चढलेला दूधवाला विम्यात येतो. त्याच्या शेजारी बसलेली त्याची बहीण येत नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात आमचे अपील फेटाळले गेले. सहाच महिन्यांनी, जानेवारी २००४ मध्ये, अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली: कायदा आतापर्यंत स्पष्ट नव्हता, तेव्हा कंपनीने जखमींना रक्कम द्यावी आणि मालकाकडून वसूल करून घ्यावी. आमच्या वकिलांनी एखादी तारीख पुढची मागितली असती तर? एरवी तारखा मागण्यात ते कधी कमी पडले नव्हते.

टेम्पोमालकाविरुद्धचा हुकूम शिल्लक होताच. त्याच्याकडे तो एक टेम्पो होता, तोही विकलेला. त्याने हप्त्याहप्त्याने वीस हजार दिले आणि नंतर येणे बंद केले. काका कधी त्याच्या दारात गेले नाहीत. "त्याची बी पोरं हाईत," म्हणायचे.

फाइलीतला जो कागद मी सर्वांत जास्त वेळा वाचला, तो न्यायाधिकरणाच्या हिशोबाचा. 'व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम', 'उत्पन्न' या रकान्यात 'नाही'. तिच्या कामाची किंमत महिना पाचशे रुपये धरली. वर्षाचे सहा हजार, गुणक पंधरा, झाले नव्वद हजार. वर अंत्यविधी वगैरे धरून एक लाख. मावशी पहाटे उठून दोन म्हशींची धार काढायची, दहा माणसांच्या भाकरी थापायची आणि उरलेला दिवस रानात. दूध डेअरीला जायचे ते काकांच्या नावावर.

त्या न्यायाधीशांना मी दोष देत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी जो तक्ता कायद्याला जोडला, त्यातही न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश धरायचे, असेच होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक शब्दांत लिहिले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी स्त्रियांना बिनकामाच्या गटात टाकले होते, आणि त्या गटात सोबतीला भिकारी आणि कैदी होते, हे त्याच निकालात नोंदवले आहे. २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने सरकारच्याच वेळवापर पाहणीचा आधार घेतला: बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीचे उत्पन्न ठरवताना पुढे होणारी वाढही धरावी, असे त्याच निकालाने मान्य केले.

मावसभावासाठी मी आजच्या रीतीने हिशोब मांडून पाहिला. उदाहरणापुरते महिना सहा हजार धरले. वय चाळिशीच्या आत, म्हणून चाळीस टक्के वाढ: ८,४००. अवलंबून माणसे चार, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: ६,३००. वर्षाचे ७५,६००. अडतीसाव्या वर्षाला गुणक पंधराच, तेवढा बदललेला नाही: ११,३४,०००. नवरा आणि तीन मुले यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी चाळीस हजार, आणि अंत्यविधी व मालमत्तेची हानी यांचे पंधरा-पंधरा हजार, हे २०१७ साली ठरलेले आकडे. एकूण १३,२४,०००.

मावसभावाने कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. मग विचारले, "आज झालं असतं तर एवढे मिळाले असते?" मी म्हणालो, "आकडा मंजूर झाला असता. पण टेम्पो मालवाहूच असता, तर कंपनी आजही म्हणाली असती की ती तिसरी नव्हे. मग न्यायाधीश 'द्या आणि वसूल करा' म्हणतात का, त्यावर सगळं."

तो निघाला तेव्हा वहिनी मोटारसायकलजवळ उभ्या होत्या. मी त्याला डिकीतला विम्याचा कागद काढायला लावला. फक्त थर्ड पार्टीचा होता. "मागे बसणाऱ्याचा यात नाही," मी म्हणालो. "मुदत कधी संपते?" त्याने तारीख वाचली. मार्च. त्याने कागद घडी करून या वेळी डिकीत न ठेवता खिशात ठेवला.