चारही बांध मोजले, तरी शेत मोजलं नाही

जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. अशा गावात जमिनीचं बोलणं गुंठ्यात होतं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. वेड्यावाकड्या तुकड्याचं क्षेत्र काढायची एक रूढ रीत आहे : समोरासमोरच्या बांधांची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा.

ही रीत फक्त काटकोनी शेताला लागू पडते. बाकी कुठल्याही चौकोनी तुकड्याचं क्षेत्र ती वाढवूनच सांगते. समजा, चारही बांध ९९ फुटांचे आहेत. गुणाकार म्हणतो, नऊ गुंठे. आता तीच आकृती कागदावर काढायला बसा. पहिली रेघ सहज ओढली जाते. दुसरी कुठल्या कोनात न्यायची, इथे पेन्सिल अडते. बाजू त्याच ठेवूनही चौकोन कितीही कलता करता येतो, हे तेव्हा कळतं. मग टेप घेऊन पुन्हा शेतात जावं लागतं आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजावा लागतो. तोही ९९ फूट भरला, तर दोन समभुज त्रिकोण होतात आणि क्षेत्र येतं सुमारे ७.८ गुंठे. तेराशे चौरस फूट जमिनीत कधी नव्हतेच!

सूत्र अपुऱ्या आकड्यांवरही उत्तर देऊन मोकळं होतं. आकृती मात्र राहिलेलं माप मागून घेते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाच म्हटलं आहे, उत्तर देणारा तर त्यांच्या लेखी त्याहून मोठा पिशाच.

भूमी अभिलेख कार्यालयातली शेतमोजणीची जुनी टिपणं पाहा. हाताने काढलेली, प्रमाणात नसलेली, दिसायला ओबडधोबड. पण मोजलेली अंतरं त्या त्या रेघेवर लिहिलेली. सुबकतेवाचून त्यांचं काहीच अडलं नाही. शाळेत मात्र रेखाटन चित्रकलेच्या तासाला बांधलं गेलं आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारं मूल गणितातही आकृती टाळू लागलं. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

सातवी-आठवीच्या मुलांना टेप, सुतळी, कागद देऊन एखाद्या पाच बांधांच्या शेतात न्यावं. दोन कर्ण, तीन त्रिकोण. कर्ण कुठून कुठे धरायचे, यावर त्यांना मनसोक्त भांडू द्यावं.