आधी अंगणात गाव मांडू, मग कुदळ उचलू

आज आपण बोलणार आहोत आपल्या गावाच्या उघड्या पडलेल्या जमिनीबद्दल. गावाबाहेरचं गायरान, माळ, डोंगराचा उतार. कधीकाळी जिथं गुडघ्याएवढं गवत होतं, तिथं आता मुरूम आणि दगड दिसतात. पाऊस पडतो, पण थांबत नाही. जाताना वरची माती घेऊन जातो. ती माती खालच्या नाल्यात, तळ्यात बसते. म्हणजे वर जमीन गेली आणि खाली पाण्याची जागाही गेली.

ही जमीन सुधारायला योजना येतात. चर खणले जातात, रोपं लावली जातात, फलक उभा राहतो. काही गावांत त्याचा फार चांगला उपयोग झाला. पण काही गावांत दोन वर्षांत चर गाळानं भरले, रोपं वाळली किंवा शेळ्यांनी खाल्ली. मग सगळे म्हणतात, “लोकांना किंमतच नाही.” पण जरा विचारून बघा, काम कुठं करायचं हे ठरवताना त्या माळावर रोज जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारलं होतं का?

सरपण कुठं मिळतं, कोणत्या ओघळीत पाणी जास्त दिवस टिकतं, शेळ्या कोणत्या वाटेनं जातात, हे आपल्याला पाठ असतं. पण ते कागदावर नसतं. जे कागदावर नाही, ते आराखड्यात येत नाही. ते आणायचा सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून गावाची प्रतिकृती करायची. शिकलेले लोक त्याला सहभागी मॉडेल म्हणतात. आपण म्हणू, अंगणात गाव मांडणं.

त्याला खर्च नाही. मंदिरापुढची किंवा शाळेची मोकळी जागा घ्या. माती, राख, रांगोळी, गुलाल, खडे, काड्या, झाडाचा पाला आणि मूठभर हरभरे आणा. पण बोलवायचं कुणाला, हे सर्वात महत्त्वाचं. फक्त बचत गटाच्या बायका नकोत. मेंढ्या-शेळ्या राखणारी, भूमिहीन, वस्तीवर राहणारी, एकटी घर चालवणारी आणि गावातली सर्वात म्हातारी आजी, या सगळ्या हव्यात. वस्तीवरच्या बायकांना जमेल ती वेळ ठरवा, नाहीतर त्यांच्याशिवायच गाव मांडलं जाईल.

आता मांडायला लागा. डोंगर असेल तिथं मातीचा ढीग करा. ओढे-नाले बोटानं ओढा. रस्ते, विहिरी, घरं, शेतं, गायरान दाखवा. झालं की तांब्याभर पाणी डोंगराच्या माथ्यावर हळूहळू ओता आणि बघत राहा. पाणी कुठून धावतं, कुठं माती कापतं, कुठं साठतं, हे लहान पोरालाही कळतं. म्हणून तर पाणलोटाचं काम ‘माथा ते पायथा’ करायचं असतं. वरचं पाणी अडवलं नाही, तर खालचा बांध गाळानं भरतो, नाहीतर फुटतो. ढिगावर आडव्या छोट्या चऱ्या काढून पुन्हा पाणी ओता. फरक डोळ्यांनी दिसेल.

मग आजीला विचारा, “तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हा ओढा कधीपर्यंत वाहायचा? दिवाळीपर्यंत की होळीपर्यंत? माळावर कोणती झाडं होती? कोणतं गवत होतं?” ती सांगेल तिथं पाला ठेवा. ही आठवण मोलाची आहे. जी झाडं आणि जी गवतं इथं आपोआप वाढत होती, ती पुन्हा तग धरण्याची शक्यता जास्त असते. रोपवाटिकेत जे मिळेल ते लावण्यापेक्षा हा विचार आधी व्हावा.

त्यानंतर प्रत्येकीनं आपला वापर दाखवायचा. जिथून सरपण आणते तिथं काडी ठेवायची. जिथं जनावरं चारते तिथं जनावरामागं एक हरभरा ठेवायचा. गायरान कुणाचंच नाही असं वाटत होतं, त्याच्यावर आता काड्या आणि हरभरे दिसतील. गायरान कुणाकुणाचं पोट भरतंय, हे तेव्हा कळतं.

आता खरा प्रश्न. “असं केलं तर काय होईल?” समजा, हा सगळा उतार चराईला बंद केला. कुणाचे हरभरे उचलावे लागतात? दहा एकर बागायत असणाऱ्याचा कदाचित एकही नाही. पण जिच्याकडे जमीन नाही आणि आठ शेळ्यांवर घर चालतं, तिचे आठच्या आठ उचलावे लागतील. आता त्या शेळ्या कुठं जायच्या? उत्तर नसेल तर ती रात्री कुंपण ओलांडणारच. तिचं चुकलं असं म्हणायचं का? आपला आराखडा चुकला असं म्हणायला हवं.

म्हणून दुसरा डाव मांडा. उताराचे तीन भाग करा. यंदा एकच भाग बंद, बाकीचे दोन खुले. बंद भागात जनावर सोडायचं नाही, पण विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा. पहिला हक्क भूमिहीन घरांचा. तीच गोष्ट रोपांची. पाचशे रोपं लावायची, तर उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि ते कोणत्या विहिरीवरून येणार? खडा ठेवून अंतर मोजा. आपल्याच डोक्यावर आणखी एक हंडा चढणार असेल, तर तो जूनमध्ये नव्हे, आत्ताच कळला पाहिजे. मजुरी आणि श्रमदान कुणी किती करायचं, तेही इथंच ठरवा.

पाण्याचा हिशोबही मांडता येतो. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. एवढ्या जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर! ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर असे ४०० टँकर पडले. ५० हेक्टरच्या गायरानावर २०,००० टँकर. सगळं काही आपलं नाही. काही वाफ होऊन जातं, काही खालच्या गावाकडे गेलंच पाहिजे. पण यातलं थोडं जरी जमिनीत मुरलं तरी विहिरीला फरक पडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपल्याला माहीत आहे. पाऊस कमी, डोंगर उघडे, माणसं कामासाठी बाहेर. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं डोंगरावर चर खणले, झाडं लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पण गाव तिथंच थांबलं नाही. दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस कमी असेल तर पिण्याचं पाणी आधी राखून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम आहे. जमीन सुधारली आणि पाणी वाढलं, की ते कुणी किती उपसायचं हा पुढचा प्रश्न येतोच. तो आधी सोडवला नाही, तर सगळ्यांच्या श्रमाचं पाणी चारदोन बोअरमध्ये जातं.

हे समजावं म्हणून आंध्र प्रदेशातल्या काही गावांत अभ्यासकांनी पाण्याचा खेळ खेळून पाहिला. खेळणाऱ्यांपुढं दोन पिकं. एक जास्त पाणी पिणारं पण जास्त पैसे देणारं, दुसरं कमी पाण्याचं. प्रत्येकानं आपलं पीक निवडायचं. सगळ्यांनी जास्त पाण्याचं पीक घेतलं की डावागणिक भूजल खाली जायचं आणि शेवटी सगळेच हरायचे. नंतर बसून चर्चा व्हायची. जिथं असा खेळ झाला, त्या गावांत पाण्याच्या नोंदी आणि नियम ठेवण्याकडे कल वाढलेला दिसला. आपणही भांड्यात हरभरे घेऊन हा खेळ खेळू शकतो.

मैत्रिणींनो, अंगणातलं गाव संध्याकाळी झाडलं जाईल. म्हणून त्याआधी मोठ्या कागदावर उतरवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन शिवारफेरी करा आणि मांडलं ते खरं आहे का, हे जागेवर बघा. उताराची समपातळी रेषा काढायला ओळंबा लावलेली लाकडी ए-फ्रेम पुरते. गावातलीच बाई ती वापरायला शिकू शकते. जमीन गायरानाची की वनखात्याची, हे तलाठी आणि ग्रामसेवकांकडून विचारून घ्या, कारण परवानगी त्यावर ठरते.

आणि मग तो कागद महिला सभेत ठेवा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथं ठराव करा, तो ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का, हे वाचून बघा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कुणी तयार नकाशा आणून म्हणेल, “बघा आणि सही करा.” त्याला सहभाग म्हणत नाहीत. खडू आपल्या हातात हवा, चुकलेली रेघ पुसायची मोकळीक हवी आणि आठ शेळ्यांवाली बोलेपर्यंत बाकीच्यांनी थांबायला हवं. तिच्या हरभऱ्यांना जागा मिळाली, की त्या माळाला राखणदार मिळाला असं समजा.

गटाची पुढची बैठक जिथं असेल, तिथं मूठभर रांगोळी आणि मूठभर हरभरे घेऊन जा.